एका देवमाशाचे किती वाटे?

इंडोनेशियातल्या लामालेरा गावाचा फोटो कधी ना कधी तुमच्या नजरेखालून गेला असेल. होडीच्या नाकाडावर उघड्या अंगाचा माणूस, हातात दोन माणसांच्या उंचीचा बांबू, त्याच्या टोकाला लोखंडी पातं. पुढच्या फोटोत तो बांबूसकट हवेत झेपावलेला, आणि खाली पाण्यात काळसर, सुरकुतलेली पाठ. पाहणारा तिथल्या तिथे मत बनवून मोकळा होतो. कुणी म्हणतं काय धाडस, कुणी म्हणतं काय क्रूरपणा. माझी तक्रार एवढीच की दोन्ही मतं त्या एका उडीवर अडकतात. मांस कुठल्या रेषेवर कापायचं, कुठला तुकडा कुणाच्या घरचा, आणि तो तुकडा वाळवून डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईला बदल्यात किती कणसं मिळणार, ही सगळी व्यवस्था फोटोच्या चौकटीबाहेर राहते. गावाची चूल पेटते ती मात्र त्या व्यवस्थेवर.

गाव कुठे आहे

फ्लोरेस बेटाच्या पूर्वेला सोलोर नावाचा लहान बेटांचा समूह आहे, त्यातलं एक बेट म्हणजे लेम्बाता. जकार्तापासून सुमारे १,८०० किलोमीटर पूर्वेला. प्रांत नुसा तेंगारा तिमूर, म्हणजे इंडोनेशियाच्या गरीब आणि कोरड्या प्रांतांपैकी एक. १९९९ पासून लेम्बाताचा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याचं मुख्य शहर लेवोलेबा बेटाच्या दुसऱ्या अंगाला. तिथून डोंगर ओलांडून, खराब रस्त्यानं काही तास हाडं खिळखिळी करून घेतली की दक्षिण किनाऱ्यावर लामालेरा लागतं. वस्ती दोनेक हजारांची. कागदोपत्री गावं दोन: उतारावरचं लामालेरा ‘अ’ आणि किनाऱ्यालगतचं लामालेरा ‘ब’. होड्या, चर्च, भांडणं आणि सोयरिकी मात्र एकत्रच.

गावामागे लाबालेकांग हा ज्वालामुखी. त्याचे दगडधोंडे थेट समुद्रापर्यंत उतरलेले. सपाट जमीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे नाव घ्यावी अशी शेतीही नाही. भात सोडा, मकाही धड पिकत नाही. वर डोंगरातल्या गावांकडे शेतं आहेत, पण समुद्र नाही. या एका वाक्यात लामालेराची निम्मी गोष्ट येऊन जाते.

उरलेली निम्मी समुद्रात आहे. समोरचा सावू समुद्र किनाऱ्यापासून फार दूर न जाता खोल होतो, आणि पुढे त्याची खोली तीन हजार मीटरच्या पलीकडे जाते. प्रशांत महासागराचं पाणी याच बेटांच्या फटींतून हिंदी महासागरात उतरतं आणि त्या वाटेनं मोठे सागरी प्राणीही ये-जा करतात. मे ते ऑक्टोबर इथे आग्नेयेकडून कोरडे वारे वाहतात. ते पृष्ठभागाचं पाणी ढकलतात, खालचं थंड आणि पोषक पाणी वर येतं, आणि त्यामागे सगळी अन्नसाखळी. नेमक्या याच महिन्यांत लामालेराचा शिकारीचा हंगाम असतो. त्याला ते ‘लेफा’ म्हणतात. कोकणात होड्या ओढून, शाकारून ठेवायचे दिवस असतात तेव्हा तिकडे होड्या पाण्यात उतरतात.

त्यांचं मुख्य सावज म्हणजे स्पर्म व्हेल हा दात असलेला देवमासा. लामालेरात त्याला कोतेकलेमा म्हणतात. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून मुंबई-पुण्यापर्यंत ‘व्हेलची उलटी पकडली, कोट्यवधींचा माल जप्त’ अशा बातम्या येतात, ती उलटी, म्हणजे अंबरग्रीस, याच प्राण्याच्या आतड्यात तयार होते. नर सोळा मीटरपर्यंत वाढतो आणि चाळीस टनांच्या पुढे जातो. मादी त्याच्या मानानं लहान, अकरा मीटर आणि पंधराएक टनांची. याखेरीज डॉल्फिन, किलर व्हेल, मांटा नावाचा प्रचंड पाकट, शार्क, सूर्यमासा हेही मारतात. निळ्या देवमाशाला मात्र हात लावत नाहीत. दात नसलेल्या, पाणी गाळून खाणाऱ्या देवमाशांची शिकार करायची नाही हा पूर्वापार दंडक आहे. त्या जातीनं आपल्या पूर्वजांना तारलं, अशी गावाची कथा आहे.

आले कुठून

गावाच्या सांगण्याप्रमाणे पूर्वज सुलावेसी बेटावरच्या लुवू भागातून निघाले, फिरत फिरत पूर्वेला लापान बातान नावाच्या लहान बेटावर राहिले, तिथे समुद्रानं घात केला म्हणून पुन्हा होड्यांत बसले आणि शेवटी इथे लागले. किनारा रिकामा नव्हता. तुफाओना आणि लांगोवुजो या दोन कुळांची ती जमीन होती. आलेल्यांनी जागा मागितली, मिळाली, आणि त्याचं देणं अजून फिटतंय. ते कसं, हे पुढे मांसाच्या वाट्यांत दिसेल. आलेल्यांतली तीन मोठी कुळं म्हणजे बलिकोलोलो, बाताओना आणि लेवोतुका. या तिघांना मिळून ‘लिका तेलो’ म्हणतात: चुलीचे तीन दगड.

शिकार किती जुनी? १६२४ च्या एका पोर्तुगीज दस्तऐवजात या बेटांवरचे लोक भाल्यानं देवमासे मारतात असा उल्लेख आहे. म्हणजे अमेरिकेच्या न्यू इंग्लंड किनाऱ्यावरच्या व्हेलिंग जहाजांनी जगभर धुमाकूळ घालण्याच्या बऱ्याच आधीपासून. देवमासा दिसला की गावभर ‘बालेओ! बालेओ!’ अशी हाक घुमते, तिच्यातही पोर्तुगीज ‘बालेया’चे, म्हणजे देवमासा या शब्दाचे, कान दिसतातच. कॅथलिक धर्म मात्र खऱ्या अर्थानं रुजला तो विसाव्या शतकात, जर्मन मिशनऱ्यांच्या काळात. आता ३० एप्रिलला समुद्रात गेलेल्या मृतांसाठी प्रार्थना होते आणि १ मे रोजी किनाऱ्यावरच्या छोट्या चॅपेलसमोर लेफाची मिसा होऊन हंगाम उघडतो. त्याआधी मूळ जमीनमालकांपैकी लांगोवुजो कुळाची माणसं डोंगरावर जाऊन देवमाशांना बोलावण्याचा जुना विधी करतात. पाद्रीबाबा खाली, बोलावणं वर. दोघांचं बरं चाललंय.

तेना

लामालेराच्या होडीला गावात तेना म्हणतात. दहा-बारा मीटर लांब, एकही लोखंडी खिळा नाही. फळ्या एकमेकींच्या काठांत लाकडी खुंट्या ठोकून बसवतात आणि आतल्या फासळ्या दोरानं आवळतात. कागदावर नकाशा नसतो. बांधणाऱ्या मिस्त्रीला ‘आता मोला’ म्हणतात. कुठल्या फळीला कुठली फळी भिडणार याचा क्रम त्याच्या डोक्यात, आणि तो मोडायचा नाही. हा निव्वळ हट्ट आहे असं वाटेल, पण चाळीस टनांचं धूड शेपटी हाणतं तेव्हा आवळलेली होडी लवते, खिळ्यांची ताठ होडी चिरते. शिडाची डोलकाठी दोन पायांची असते आणि शीड ताडाच्या जातीतल्या झाडाच्या पानांचं, चौकोन विणून शिवलेलं. होडी जुनी झाली की तिच्या जागी बांधलेली नवी होडी त्याच नावानं ओळखली जाते. म्हणजे लाकूड बदललं तरी तेना तीच, आणि तिच्यातले हक्कही तेच.

पाण्यावर काय होतं ते थोडक्यात. देवमासा दिसला की शीड उतरवतात, डोलकाठी आडवी करतात आणि वल्ही हाणतात. पुढे बाहेर काढलेल्या बांबूच्या फळीवर भालाधारी, म्हणजे लामाफा, उभा. त्याच्या मागे भाले आणि दोर हातात देणारा सहायक, सगळ्यात मागे सुकाण्या. लामाफा भाला नुसता फेकत नाही, भाल्यावर स्वतःचं सगळं वजन टाकून उडी मारतो. देवमाशाची कातडी आणि खालची चरबी भेदायला मनगटाचा जोर पुरत नाही. पातं आत रुतलं की बांबू सुटतो आणि पात्याला बांधलेला दोर धावू लागतो. मुख्य दोर हातानं वळलेल्या कापसाचा असतो, एरवी तो कुळाच्या घरात जपून ठेवतात. तो इतक्या वेगानं काठावर घासतो की त्यावर सारखं पाणी ओतावं लागतं. त्याच्या वेटोळ्यात पाय आला तर पाय जातो, कधी माणूसच जातो. पुढचे काही तास देवमासा होडीला ओढत नेतो. १९९४ साली काही होड्या अशा ओढल्या गेल्या की दिवसचे दिवस त्यांचा पत्ता नव्हता. माणसं तिमोरच्या दिशेनं भरकटली होती.

गावात पक्की समजूत अशी की समुद्रावरचा अपघात जमिनीवरच्या भांडणातून येतो. घरात धुसफूस असेल, भावकीत अबोला असेल तर भाला चुकतो, दोर अडकतो. म्हणून निघण्याआधी समेट करायचा. ही अंधश्रद्धा म्हणायची तर म्हणा. पण ज्या दहा-बारा माणसांचा जीव एका दोरावर आहे, त्यांनी रुसवे किनाऱ्यावर सोडून यावं या नियमात मला तरी शहाणपणच दिसतं.

वाटे

मेलेला देवमासा ओढत आणायला रात्र होते. तो किनाऱ्याच्या उथळ पाण्यात ठेवतात आणि सकाळी कापायला घेतात. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ हा न्याय इथे लागू नाही. भाला मारणारा लामाफा गावाचा नायक खरा, पण देवमासा त्याचा होत नाही.

एकापेक्षा जास्त तेना शिकारीत असतील तर आधी होडीहोडीत वाटणी होते. मग प्रत्येक तेनाच्या वाट्याची फोड. तेना एका माणसाच्या मालकीची नसते, ती कुळातल्या एका शाखेची, म्हणजे भावकीची असते. आणि हक्क नुसते ‘इतके किलो’ असे नसतात; शरीराच्या ठरावीक भागाशी बांधलेले असतात. पोटाजवळची ही पट्टी अमक्या घराची, पाठीचा तो तुकडा तमक्या. सुरा कुठून कुठे फिरवायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे.

ढोबळमानानं चार प्रकारचे हक्कदार असतात. त्या दिवशी समुद्रावर गेलेले खलाशी. तेनाच्या मालकी-गटातली घरं, मग त्यांचा माणूस त्या दिवशी होडीत असो वा नसो. कारागीर: होडी बांधणारा मिस्त्री, भाल्याची पाती घडवणारा लोहार, शीड शिवणारा. आणि चौथे ते मूळ जमीनमालक. डोक्याच्या भागावर त्यांचा मान. शेकडो वर्षांपूर्वी किनारा वापरू दिल्याचं भाडं ते अजून देवमाशाच्या मापानं घेतात.

कारागिरांचा वाटा वाचून मराठी वाचकाला बलुतं आठवेल, आणि ते बरोबरच आहे. सुतार-लोहारानं वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावरून आपलं बलुतं न्यायचं, तसाच हा व्यवहार. कामाचे पैसे त्या-त्या वेळी चुकते होत नाहीत. पीक आलं तर सगळ्यांचं, नाही आलं तर कुणाचंच नाही. लोहाराला म्हणूनच पातं चांगलं घडवण्यात रस राहतो, कारण ते वाकलं तर त्याचाही घास जातो.

वाटे घरी पोचले की दुसरी वाटणी सुरू होते, आणि ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही. विधवा आत्या, म्हातारा शेजारी, लेकीचं सासर, ज्या घरात यंदा खलाशी नाही ते घर. संध्याकाळपर्यंत गावातल्या बहुतेक घरांच्या बांबूच्या दांड्यांवर मांसाच्या पट्ट्या टांगलेल्या दिसतात, खाली ठिबकणारं तेल धरायला भांडी. फ्रीज नसलेल्या गावात पंधरा टनांच्या प्राण्याचं मांस एका घरात ठेवून करणार काय? वाटलेलं मांस म्हणजे शेजाऱ्याच्या घरात ठेवलेली ठेव. पुढच्या खेपेला त्याच्या होडीला मिळेल आणि तुमच्या नाही.

सगळे येतील याची खात्री काय?

इथे लामालेरानं अभ्यासकांना वेड लावलं. ऑक्सफर्डचे मानववंशशास्त्रज्ञ आर. एच. बार्न्स १९७९ पासून तिथे काम करत होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेचे मायकेल अल्वार्ड तिथे जाऊन राहिले, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: माणूस सकाळी उठून तेनावर का जातो? एकट्यानं गळ टाकून थोडी मासळी मिळतेच, आणि तीत कुणाला वाटा द्यावा लागत नाही. देवमाशाची शिकार पुरेशी माणसं जमली तरच होते. आठ-दहा जण यायचे, त्यातले चौघे आले नाहीत, तर उरलेल्यांची सकाळ फुकट.

फ्रेंच विचारवंत रूसोनं १७५५ मध्ये हेच कोडं जंगलात मांडलं होतं. सगळ्यांनी मिळून हरणाची वाट अडवायची ठरली आहे. तेवढ्यात एकाच्या पायाजवळून ससा पळतो. तो सशामागे धावला तर त्याचं पोट भरेल, पण हरीण त्याच फटीतून निसटेल. यात लबाडीपेक्षा अविश्वासाचा भाग मोठा आहे. ‘बाकीचे थांबणारच’ अशी खात्री असेल तर मीही थांबतो. ‘कुणीतरी फुटेल’ असं वाटलं की मीच आधी फुटतो. लामालेरात ती खात्री तीन गोष्टी देतात: वाटे आधीच ठरलेले आहेत, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कापले जातात, आणि कोणी कुठल्या तेनावर जायचं हे जवळपास जन्मानंच ठरलेलं आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबू. होडीत नातेवाईकच असतात, मग ‘रक्ताचं नातं’ एवढं उत्तर पुरेसं नाही का? अल्वार्ड म्हणतात, नाही. आईकडचे आणि बापाकडचे सगळे नातलग मोजले तर प्रत्येक माणसाचा गोतावळा वेगळा निघतो. माझा मामेभाऊ तुमचा कुणीच नसतो. अशा एकमेकांत गुंतलेल्या गोतावळ्यांतून ‘ही आमची होडी, ती तुमची’ अशा स्वच्छ रेघा ओढता येत नाहीत. फक्त बापाच्या बाजूनं मोजलं तर प्रत्येक माणूस एकाच कुळात पडतो, वाद संपला. त्यांनी होड्यांवरच्या माणसांची नाती तपासली तेव्हा किती जवळचं रक्त आहे यापेक्षा एक कूळ आहे की नाही यावरून होडी जास्त ठरत होती. भावकीचे तोटे आपल्याला नव्यानं सांगायला नकोत. पण रोज पहाटे दहा माणसं गोळा करायची तर भावकीइतकी सोयीची यादी दुसरी नाही.

याच सुमारास जगभरातल्या पंधरा लहान समाजांमध्ये एक प्रयोग झाला, त्यात लामालेराही होतं. प्रयोग असा: एका माणसाला काही ऐवज द्यायचा आणि सांगायचं, यातला किती समोरच्या अनोळखी जोडीदाराला देतोस ते ठरव. जोडीदारानं मान्य केलं तर दोघांना आपापला भाग मिळतो. त्यानं नाकारलं तर दोघांच्याही हाती शून्य. रोख पैशांवर खेळवला तर तो जुगार वाटेल, म्हणून लामालेरात तो सिगारेटच्या पाकिटांवर खेळवला. विद्यापीठातले विद्यार्थी साधारण चाळीस ते पन्नास टक्के देऊ करतात. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा लोक, ज्यांचं घर आपापलं पाहतं आणि बाहेरच्याशी भागीदारी फारशी नसते, सरासरी २६ टक्के. लामालेराची सरासरी ५८ टक्के आली, पंधरा समाजांत सगळ्यात वरची. बहुतेकांनी निम्मे दिले आणि बरेच निम्म्याच्याही पुढे गेले.

यावरून ‘किती भोळे आणि उदार लोक’ असा निष्कर्ष काढू नये. ते हिशोबाला पक्के आहेत. ज्या गावात प्रत्येक मोठा घास चारचौघांसमोर कापला जातो, तिथे कमी वाटा पुढे करणारा माणूस लक्षात राहतो, आणि पुढच्या हंगामात त्याला होडी लागते.

बायकांचा बाजार

आतापर्यंत फक्त मांस झालं. नुसत्या मांसावर घर चालत नाही. मका, भात, केळी, रताळी लागतात, आणि ती डोंगरात आहेत. देवमाशाचा मका करण्याचं काम बायकांचं आहे. फोटोंमध्ये हा भाग जवळजवळ कधीच दिसत नाही, याचं मला कायम नवल वाटतं.

वाळलेल्या पट्ट्या टोपलीत रचून, टोपली डोक्यावर घेऊन बायका डोंगरातल्या गावांना चालत जातात. शिवाय दर शनिवारी जवळच्या वुलांडोनीचा बाजार आहे. वरच्या गावांच्या बायका कणसं, केळी, सुपारी, भाजी घेऊन उतरतात, लामालेराच्या बायका मांस, मासळी, मीठ आणि विड्यासाठी चुना घेऊन येतात. दोन्ही बाजू माल मांडून बसतात, पण व्यवहार सुरू होत नाही. बाजाराचा माणूस शिट्टी वाजवतो आणि मगच अदलाबदल सुरू.

बार्न्स आणि त्यांच्या पत्नी रुथ यांनी या बाजाराचे भाव टिपून ठेवले. मोजणी सहा-सहाच्या गटांत होते. वाळल्या मांसाची एक पट्टी म्हणजे बारा कणसं, किंवा बारा केळी, किंवा रताळ्याच्या बारा वाळल्या फोडी, किंवा बारा सुपाऱ्या आणि त्यासोबत विड्याचे बारा तुरे. केळीचं पीक उदंड आलं म्हणून पट्टीला वीस केळी मिळत नाहीत. अर्थात पट्टी जाड की पातळ, कणीस भरलेलं की पोचट, हे दोन्हीकडच्या बायका पारखून घेतातच.

पैसा असताना हे का टिकलं? कारण दोन्ही बाजूंना पैसा नको असतो, अन्न हवं असतं. रुपयात विकायला गेलं तर शेतकरी बाईच्या मक्याला सुगीत भाव नाही आणि लामालेराच्या बाईच्या मांसाला देवमासा मिळाल्याच्या आठवड्यात भाव नाही. दोघी पडत्या भावात विकतील आणि चढत्या भावात घेतील. ठरलेल्या मापात दोघींचं पोट सुरक्षित.

याच बायका कापडही विणतात. सूत आधी ठिकठिकाणी बांधून रंगवायचं आणि मग विणायचं: नीळ, आणि बारतोंडीच्या मुळांचा लाल. नक्षीत तेना येते, मांटा येतो, देवमासा येतो. या कापडावर एक भारतीय छापही आहे. गुजरातचे रेशमी पटोळे जुन्या व्यापारात या बेटांवर पोचले आणि कुळांच्या घरांत ठेवा म्हणून जपले गेले. रुथ बार्न्स यांनी दाखवल्याप्रमाणे त्यांची रचना इथल्या विणीत उतरली. लग्नात मुलाकडून हत्तीचे दात येतात आणि मुलीकडून कापड जातं. लेम्बातावर हत्ती नाहीत. ते दातही व्यापारातूनच आलेले, आणि घरोघरी फिरत राहिलेले.

कायदा काय म्हणतो

१९८६ पासून व्यापारी देवमासेमारीवर आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली. ती आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाच्या सदस्यांना बंधनकारक आहे आणि इंडोनेशिया त्याचा सदस्य नाही. ग्रीनलंड, अलास्का वगैरे ठिकाणच्या मूळ रहिवाशांना आयोग पोटापुरत्या शिकारीचा कोटा देतो. लामालेरा त्या यादीतही बसत नाही, कारण यादी सदस्यांसाठी आहे. देशांतर्गत पाहिलं तर १९९९ च्या सरकारी नियमानं सगळे देवमासे संरक्षित आहेत. तरी गावाच्या पारंपरिक शिकारीकडे सरकार काणाडोळा करतं. गंमत अशी की त्याच १९९९ मध्ये इंडोनेशियाचे पर्यावरण मंत्री झाले सोनी केराफ, आणि त्यांचं जन्मगाव लामालेरा. भाषाशास्त्रज्ञ गोरिस केराफही इथलेच. दगडी गावानं शिक्षक, पाद्री आणि विद्वान बरेच दिले.

स्पर्म व्हेल धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. त्याची ही अवस्था लामालेरानं केली नाही, ती दोन शतकांच्या औद्योगिक शिकारीनं केली. पण म्हणून प्रश्न संपत नाही. गरोदर मादी मारली गेली तर ती परंपरेनं मारली की तोफेनं, कळपाला फरक पडत नाही. गावाच्या बाजूनं सांगण्यासारखं हे की काही वर्षं शिकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होते, आणि हाताच्या भाल्यालाच एक मर्यादा आहे. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं ही मर्यादा उठवून पाहिली. नॉर्वेचा कसलेला शिकारी आणि आधुनिक भाल्याची तोफ आणून गावाला ‘सुधारायचा’ प्रकल्प झाला. तो काही वर्षांत गुंडाळला आणि गाव पुन्हा तेनांवर आलं.

उलटं उदाहरण शेजारीच आहे. सोलोर बेटावर लामाकेरा नावाचं मुस्लिम गाव आहे. नावं सारखी असल्यामुळे बातम्यांत दोघांची सर्रास गल्लत होते. तेही पूर्वापार शिकारी. पण मांटाच्या कल्ल्यांना चिनी औषधांच्या बाजारात मोठी किंमत येऊ लागली, मोटरबोटी आल्या, आणि वर्षाला दोन-तीनशेंच्या आसपास असलेली मांटांची शिकार २००१ च्या सुमारास दीड हजारांच्या घरात गेली. नंतर मांटाच दिसेनासे झाले. २०१४ मध्ये इंडोनेशियानं मांटांना पूर्ण संरक्षण दिलं, तो नियम लामालेरालाही लागू पडला, आणि तिथे त्यावरून राग आहे.

मला विचाराल तर फरक गावांच्या स्वभावात नाही, गिऱ्हाइकात आहे. बारा कणसांच्या बदल्यात पट्टी घेणारी डोंगरातली बाई आठवड्याला किती मांस खाणार? तिच्या भुकेला मर्यादा आहे म्हणून शिकारीलाही आहे. हजारो किलोमीटरवरच्या औषधबाजाराला तशी मर्यादा नसते.

जोन्सन

सध्या गावाचं खरं भांडण इंजिनावरून आहे. बाहेर लावायच्या मोटरच्या एका ब्रँडवरून तिथे मोटरबोटीलाच ‘जोन्सन’ म्हणतात. २००० नंतर त्या झपाट्यानं वाढल्या. आता देवमासा दिसला की जोन्सन तेनाला दोरानं बांधून वेगानं जवळ नेतात. देवमाशावर भाला मात्र तेनावरूनच मारायचा, हा नियम गावानं राखला आहे. डॉल्फिन, मांटा आणि जाळ्याची मासळी यांना तो लागू नाही. तिथे जोन्सन एकट्यानं जाते, तीन-चार माणसांत काम भागतं, आणि दहा जणांची वाट पाहावी लागत नाही. रूसोचा ससा आता इंजिन लावून आलाय.

शिवाय पेट्रोल. मिस्त्री, लोहार, जमीनमालक यांना देवमाशातून वाटा देता येतो. पंपवाल्याला देता येत नाही. त्याला रोख रुपिया लागतो, आणि तो देवमासा मिळाला नाही त्या दिवशीही लागतो. मग रोख आणणारी मासळी धरायला जावं लागतं, ती लेवोलेबाच्या बाजारात विकावी लागते, आणि जोन्सनचा मालक भावकी नसते, एक माणूस किंवा एक घर असतं. त्याचा वाटा किती, पेट्रोलचा खर्च वाटणीआधी वजा करायचा की नंतर, तेना ओढून नेणारा खलाशी मानायचा की भाड्याचा माणूस, यावर गावात बैठका बसतात. जुन्या वाट्यांना ठरायला पिढ्या लागल्या होत्या. हे नवे वाटे मात्र पुढचा लेफा सुरू होण्याआधी ठरवावे लागतात.